आकडा दारावर, वेळ सकाळची

एप्रिल उजाडला की श्रीरामपुरात नेवासा रोडवर असो की संगमनेर रोडवर, हवा भरायला गाडी उभी केली की एक सल्ला हमखास मिळतो : "काका, उन्हाळा आहे, हवा दोन-तीनने कमीच ठेवू." देणारा तो आपुलकीने देतो आणि ऐकणारा मान डोलावतो. उन्हाने हवा फुगते, फुगलेली हवा टायर फोडते, म्हणून आधीच थोडी सोडून द्यावी, असे हे साधे गणित आहे. ते पटते, पण चुकीचे आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात त्यात कमी हवेचा वाटा फार मोठा असतो.

या गैरसमजाचा सर्वांत जास्त धोका साठी-सत्तरीतल्या चालकांना आहे. त्यांची गाडी रोज निघत नाही. बाजार, बँक, दवाखाना एवढाच फेरा असतो आणि बाकीचे दिवस ती अंगणात उभी असते. मग एखाद्या दिवशी लेक-जावई, नातवंडे आणि सामान घेऊन तीच गाडी थेट पुण्याला किंवा संभाजीनगरला निघते. महिनोन्‌महिने हवा न पाहिलेले टायर, भरलेली गाडी आणि वरून ऊन असे तिन्ही योग एकाच दिवशी जुळून येतात. हे टाळायला महिन्यातून दहा मिनिटे पुरतात आणि कंबर मोडून वाकावेही लागत नाही.

गाडी उभी असते हवेवर

गाडीचा भार रबर पेलते असे वाटते. खरे तर तो पेलते आत कोंडलेली हवा. एक हजार किलोची लहान गाडी घ्या. प्रत्येक चाकावर साधारण अडीचशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब मिळतो. भागाकार केला की कळते, प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम १०८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा असतो. ब्रेक लागतो, वळण घेतले जाते, पावसात पकड टिकते, ते सगळे अशा चार तळहातांच्या जोरावर.

हवा कमी झाली की भार तोच राहतो, म्हणून टायर आणखी चपटतो. त्याची बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तिचा मोड गरम होतो आणि शेवटी ती तुटते. टायरच्या भिंतीचेही तेच होते. ताशी ८० च्या वेगाला लहान गाडीचे चाक मिनिटाला सातशेहून अधिक फेरे मारते आणि प्रत्येक फेऱ्यात ही दुमड पडते. आतले रबर आणि दोऱ्यांचे थर तापतात, एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फाटतो. बाहेरचे ऊन आणि तापलेला रस्ता या उष्णतेत भर घालतात. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवणे म्हणजे आधीच तापणाऱ्या टायरला आणखी तापवणे.

मग फुगणाऱ्या हवेचे काय? ती फुगते हे खरेच आहे. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर गाडीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. अर्धा तास गाडी चालली की टायर तापून दाब चार-पाच पीएसआयने चढतो. पण गाडी बनवणाऱ्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ धरूनच तो ठरवलेला असतो. चांगल्या स्थितीतला टायर ती वाढ सहज पेलतो. तेव्हा उन्हाळा असो, हिवाळा असो, थंड टायरला ठरलेला आकडा बारा महिने तोच ठेवायचा.

हवा सोडून दिल्याचे परिणाम पुढे थंडीपर्यंत पुरतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. समजा, मे महिन्याच्या दुपारी टायरमध्ये ३३ हवा होती आणि तिच्यातून तीन पीएसआय सोडली. थंडीत तापमान तीस अंशांनी उतरले की आणखी साडेचारच्या आसपास गेली. वापरातल्या टायरमधून रबरातून, व्हॉल्व्हमधून आणि रिंगच्या कडेने महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप झिरपते. मधल्या सहा-सात महिन्यांत कोणी पाहिलेच नाही, तर ३३ चा टायर विशीच्या घरात येतो. गाडी मात्र चालत राहते, म्हणून शंका येत नाही.

डोळ्यांवर विश्वास नको

चाकाला लाथ मारून किंवा लांबून नजर टाकून "हवा ठीक आहे" म्हणण्याची सवय ट्यूबच्या जुन्या टायरांपासून आलेली आहे. आजच्या रेडियल टायरचे पोट पुरेशी हवा असतानाही जमिनीपाशी थोडे बाहेर आलेले दिसते. त्यामुळे ३३ आणि २५ हवेतला फरक सराईत नजरेलाही चुकवतो. नजरेला कळेल इतका टायर बसला, तोवर हवा फारच उतरलेली असते.

समृद्धी महामार्गामुळे हा मुद्दा आपल्या दाराशी आला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. श्रीरामपूरकरांना शिर्डीजवळ या रस्त्याला लागता येते. काँक्रीटचा लांबच लांब सरळ रस्ता आणि मोटारींना ताशी १२० ची वेगमर्यादा. गावातल्या रस्त्यावर खड्डा, चौक, उसाची ट्रॉली यांमुळे वेग सारखा मोडतो आणि टायरला निवायला वेळ मिळतो. समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने चाक फिरते आणि तापलेल्या टायरला उसंत मिळत नाही. या रस्त्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवल्या. पण झीज डोळ्यांना दिसते. कमी हवा मापकाशिवाय दिसत नाही आणि ते माप घरून निघण्याआधी आपणच घ्यायचे असते.

आकडा कुठे लिहिलेला असतो

"किती ठेवू? तीस की पस्तीस?" या प्रश्नाला बहुतेक जण "तुम्हीच बघा" म्हणतात. हा आकडा अंदाजाचा नाही. चालकाचे दार उघडले की दाराच्या चौकटीच्या खांबावर एक लहान पट्टी चिकटवलेली दिसते. काही गाड्यांत ती इंधनाच्या झाकणाच्या आत असते आणि तिच्यावरचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत तर असतातच. पट्टीवर पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे दिलेले असतात, शिवाय दोघे बसले तर किती आणि गाडी पूर्ण भरली तर किती, हेही असते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचा आकडा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो, तरी आपल्या गाडीचा आकडा पट्टीवरूनच घ्यावा.

पट्टीवरची अक्षरे बारीक असतात. मोबाइलने तिचा फोटो काढावा आणि तो मोठा करून वाचावा. मग जाड पेनाने एका कार्डावर "पुढे इतके, मागे इतके, भरलेल्या गाडीला इतके" असे लिहून ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. गाडी कोणीही हवा भरायला नेली, तरी प्रश्न उरत नाही. पट्टीवर दाब किलोपास्कल किंवा बारमध्ये दिला असेल, तर २३० किलोपास्कल, २.३ बार आणि ३३ पीएसआय हे जवळजवळ एकच आहेत एवढे लक्षात ठेवावे.

एक चूक मात्र टाळावी. टायरच्या भिंतीवरही दाबाचा एक मोठा आकडा कोरलेला असतो. तो टायर जास्तीत जास्त किती सोसू शकतो याचा असतो, आपल्या गाडीला किती हवा याचा नव्हे. त्या आकड्यापर्यंत हवा भरली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि खड्ड्यात जोराचा दणका खातो.

स्कूटरवाल्या ज्येष्ठांसाठीही नियम तोच आहे. दुचाकीच्या मागच्या टायरला पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते आणि मागे कोणी बसणार असेल तर त्याहून जास्त. दोन चाकांच्या गाडीला कमी हवेची शिक्षा लवकर होते, कारण तोल सावरायला तिसरे चाक नसते.

दहा मिनिटे, तीही बसून

वय झाले की अडचण खाली वाकण्याची असते. गुडघे दुखतात, शस्त्रक्रिया झालेल्यांना उकिडवे बसता येत नाही, बोटांत टोपण धरवत नाही, मापकावरच्या रेघा दिसत नाहीत. यातल्या प्रत्येक अडचणीवर साधा उपाय आहे.

दिवस ठरवून टाकावा. पेन्शन जमा होण्याचा दिवस चांगला, तो विसरला जात नाही. वेळ सकाळची, गाडी हलवण्याआधीची. गाडी तीन तास उभी असेल किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चालली असेल, तरच टायर थंड समजावा. रात्रभर उभी राहिलेली आणि ऊन न लागलेली गाडी उत्तम. ऊन एका बाजूने पडत असेल, तर त्या बाजूचे टायर जास्त दाब दाखवतात.

बसायला पक्के, बुटके स्टूल घ्यावे. ते चाकाशेजारी ठेवून एका हाताने गाडीचा आधार घेत बसावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी असावी. मापक घेताना नळी असलेले आणि मोठे, उजळ आकडे दाखवणारे डिजिटल घ्यावे. पेनसारख्या मापकाची बारीक पट्टी वाचणे अवघड जाते. नळीमुळे व्हॉल्व्ह चाकाच्या तळाशी असला तरी मापक हातात, डोळ्यांसमोर राहते.

व्हॉल्व्हचे टोपण काढून लगेच वाटीत ठेवावे, नाहीतर ते मातीत हरवते. टोपण फिरत नसेल तर रबरी हातमोजा घालून फिरवावे. मापक व्हॉल्व्हवर सरळ दाबावे. 'फुस्स' आवाज येत राहिला तर ते तिरके बसले आहे असे समजावे. नीट बसले की आवाज थांबतो आणि आकडा स्थिर होतो. टोपण परत लावायला विसरू नये. व्हॉल्व्हच्या आत स्प्रिंगवरची एक बारीक पिन असते आणि हवा अडवण्याचे काम तीच करते. उसाच्या शेतातल्या काळ्या मातीची धूळ तिच्यात बसली की हवा हळूहळू निसटू लागते.

हवा कमी निघाली तर घरीच भरता येते. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लागणारा छोटा विजेचा पंप मिळतो. त्यावर आपला आकडा ठरवून ठेवला की तो तिथे आपोआप थांबतो. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवायचे असेल, तर गाडी बंद गॅरेजमध्ये नको, मोकळ्यावर असावी.

शेवटी वहीत चार आकडे लिहावेत. समजा, पट्टीवर ३३ आहे आणि वहीत मागच्या महिन्यात चारही चाकांपुढे ३३ लिहिलेले आहे. या महिन्यात पुढचा डावा ३२, पुढचा उजवा ३२, मागचा डावा २७, मागचा उजवा ३२ असे आले. तिघांची एक-एक हवा नेहमीसारखी झिरपली आहे. मागच्या डाव्याची मात्र सहा गेली. तिथे खिळा आहे, बाभळीचा काटा आहे, व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा रिंगच्या कडेला फट आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा हवा हळूहळू सोडतो, म्हणून गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. वही नसती तर हा टायर महामार्गावर बोलला असता. तो घरीच ओळखू आला आणि शंभर-दोनशे रुपयांत दुरुस्त झाला, हा वहीचा फायदा.

पंपावर जायचे असेल तर

मापक-पंप नको वाटत असेल, तर पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. ग्राहकाला मोफत हवा देणे पंपचालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे संकोच नको. घराजवळचा पंप निवडावा, सकाळीच जावे आणि कार्ड हातात घेऊन आकडा स्वतः सांगावा. आकडा दाखवणारे यंत्र असेल, तर त्यावर आधीच्या गाडीचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. आपला आकडा लावून घेऊन मगच नळी जोडू द्यावी.

लांबून चालत आलेल्या गाडीचा दाब चार-पाचने जास्त दिसेल. तो पाहून हवा सोडू देऊ नये. सोडलीत तर टायर थंड झाल्यावर तेवढीच हवा कमी भरेल. उलट, तापलेल्या टायरमध्येही पट्टीवरचाच आकडा दिसला, तर तो टायर प्रत्यक्षात चार-पाचने रिकामा आहे.

नायट्रोजन भरावा का, असेही विचारले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात बाष्प नसते, एवढा फायदा खरा. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक नियतकालिकाने वर्षभर टायर उभे ठेवून तपासले, तेव्हा ३० पीएसआयमधून साध्या हवेचा दाब सरासरी ३.५ ने आणि नायट्रोजनचा २.२ ने उतरला. वर्षाला जेमतेम सव्वा पीएसआयचा हा फरक दरमहा तपासण्याची जागा घेऊ शकत नाही. नायट्रोजनच्या टायरमध्ये वेळप्रसंगी साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात

ज्येष्ठांच्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने थकतात. "दहा हजार किलोमीटरच झालेत, खाचा नव्यासारख्या आहेत" हे खरे असले, तरी रबर ऊन आणि हवेने वाळते, कडक होते आणि भिंतीवर बारीक चिरा पडतात. प्रत्येक टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांनंतर तो कितीही नवा दिसला तरी बदलावा. झिजेची कायदेशीर मर्यादाही आहे. मोटारीच्या टायरवर खाच किमान १.६ मिलिमीटर उरलेली असली पाहिजे. खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा रबराच्या पातळीला आला की टायरचे काम संपले.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टायर एकाच जागी दबून चपटा होऊ नये म्हणून आठ-पंधरा दिवसांनी ती थोडी फिरवून आणावी. डिकीतल्या स्टेपनीलाही महिन्याच्या तपासणीत घ्यावे. बसलेली स्टेपनी नसल्यातच जमा.

बऱ्याच नव्या गाड्यांत टायरचा दाब कमी झाल्याचे सांगणारा दिवा असतो. पिवळ्या रंगात घोड्याच्या नालासारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह दिसले, तर थांबून हवा पाहावी. पण या दिव्यावर विसंबू नये. अमेरिकी नियमानुसार तो दाब २५ टक्क्यांनी उतरल्यावर पेटला पाहिजे. म्हणजे ३३ चा टायर पंचविशीच्या खाली येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

आणि फुटलाच तर

सगळी काळजी घेऊनही टायर फुटू शकतो. तेव्हा पाय ब्रेककडे धावतो, तो आवरावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटर हळू सोडावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच हलका ब्रेक लावत डाव्या कडेला यावे. चारही इंडिकेटर लावून सर्वांनी रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. महामार्गावर स्वतः चाक बदलायला बसू नये, मदत बोलवावी. वयाबरोबर प्रतिसादाला क्षणभर जास्त लागतो, म्हणून हा क्रम मनात आधीच पक्का असावा.

पंचावन्न वर्षांनंतर वाहनचालकाचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. एमएच-१७ च्या श्रीरामपूर परिवहन कार्यालयात त्यासाठी अनेक ज्येष्ठ जातात. डोळे, कान, रक्तदाब यांची तपासणी आपण न कुरकुरता करून घेतो, तशीच शिस्त टायरच्या दाबालाही लावली पाहिजे. मुलांनी आणि नातवंडांनी इथे हातभार लावावा. आजोबांना एक चांगले मापक आणून द्यावे, पट्टीवरचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा आणि वाकणे जमत नसेल तर महिन्यातून एकदा स्वतः स्टुलावर बसून चार आकडे वहीत मांडावेत.

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी चालकाचे दार उघडून ती पट्टी वाचा आणि आकडा लिहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात कोणी हवा कमी करायला सांगितले, तर नम्रपणे नको म्हणा आणि तो आकडा दाखवा.